आइस हॉकीतील धोकादायक धडका: शिक्षा नेमकी कशाची आणि कोणाला?

हिमवाटसरू

नमस्कार. हॉकी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मैदान येते, म्हणून आधीच स्पष्ट करतो की हा प्रश्न बर्फावरच्या हॉकीबद्दल, त्यातही उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगबद्दल, म्हणजे एनएचएलबद्दल आहे. मी चौदा वर्षांपासून ओंटारियोत राहतो. पहिली काही वर्षे मी हा खेळ केवळ ऑफिसातल्या गप्पांत मुखस्तंभ होऊन बसावे लागू नये म्हणून पाहत असे. आता मुलगा बारा वर्षांचा आहे, आठवड्यातून तीनदा पहाटे त्याला सरावाला घेऊन जातो, आणि खेळ मनापासून आवडू लागला आहे. एक गोष्ट मात्र अजून पचनी पडलेली नाही.

३ मे २०२१ रोजी न्यूयॉर्क रेंजर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांच्या सामन्यात कॅपिटल्सच्या टॉम विल्सनने गोलजवळ बर्फावर पालथ्या पडलेल्या पावेल बुचनेविचला मागून ठोसा मारला आणि लगेच झालेल्या झटापटीत, डोक्यावर हेल्मेट न उरलेल्या आर्तेमी पनारिनला उचलून बर्फावर आपटले. पनारिन त्या मोसमात पुन्हा खेळू शकला नाही. विल्सनचे नाव शिक्षेच्या वहीत पहिल्यांदाच आले होते असेही नाही. दोनच महिन्यांपूर्वी बोस्टनच्या ब्रँडन कार्लोला कडेच्या फळीवर आदळल्याबद्दल त्याला सात सामन्यांचे निलंबन झाले होते. या वेळी त्याला दंड झाला ५,००० डॉलर, आणि तोही फक्त बुचनेविचच्या प्रकरणात. रेंजर्सने संतापून जाहीर निवेदन काढले आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विभाग सांभाळणारे जॉर्ज पॅरोस त्या पदाला योग्य नाहीत असे म्हटले. त्यावर लीगने रेंजर्सला २,५०,००० डॉलर दंड ठोठावला. म्हणजे माणूस आपटणे जेवढ्याला पडले, त्याच्या पन्नास पट महाग त्याबद्दल बोलणे पडले.

मधल्या काळात, ५ मे रोजी, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. पंचांनी पक (बर्फावर सरकणारी रबराची चकती) टाकताच खेळाडूंनी हातमोजे फेकले आणि पहिल्या पाच मिनिटांच्या आसपास सहा मारामाऱ्या झाल्या. त्या सामन्यातून निलंबन कोणाच्या वाट्याला आले, तर बुचनेविचच्या! प्रतिस्पर्ध्याला काठीने मारल्याबद्दल त्याला एका सामन्यासाठी बाहेर बसवले गेले.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की शिक्षा ठरवताना ही मंडळी नेमके काय मोजतात: केलेली कृती, झालेली दुखापत, की खेळाडूचा पूर्वेतिहास? आणि असा खेळाडू ज्यांच्या पगारपत्रकावर असतो, ज्यांच्या इशाऱ्यावर तो बर्फावर उतरतो, त्या क्लबला व प्रशिक्षकाला कोणी काही विचारते का?

निळी रेषा

प्रश्न चांगला मांडला आहे, पण त्यात एक गफलत आहे, ती आधी दूर करतो. ५,००० डॉलर हा आकडा पॅरोस यांच्या मनाचा नव्हता. क्लबमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात दंडाला मर्यादा घातलेली आहे आणि विल्सनला झालेला दंड त्या वेळी लागू असलेला कमाल दंड होता. त्यामुळे ‘दंड एवढाच का’ हा प्रश्न खरा नाही; ‘निलंबनाऐवजी दंड का’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे पटण्याजोगे उत्तर मलाही आजवर मिळालेले नाही.

आता रचना. सामन्यात पंच दोन किंवा पाच मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा देतात, किंवा खेळाडूला थेट बाहेर काढतात. त्यानंतरची शिक्षा हा वेगळा विषय आहे आणि तो २०११ पासून प्लेअर सेफ्टी विभागाकडे आहे. त्याआधी हे काम कॉलिन कॅम्पबेल पाहत. विभागाचे पहिले प्रमुख ब्रेंडन शॅनहन यांनी एक चांगला पायंडा पाडला: प्रत्येक निलंबनाबरोबर चित्रफीत प्रसिद्ध करायची आणि कोणता नियम मोडला, खेळाडूला धडक टाळता आली असती का, समोरच्याला दुखापत झाली का, आधीच्या शिक्षा कोणत्या, हे बोलून दाखवायचे. पॅरोस २०१७ मध्ये आले. ते स्वतः खेळाडू असताना मुख्यतः मारामारीसाठी ओळखले जात, आणि प्रिन्स्टनचे पदवीधरही आहेत. टीकाकार यातली पहिलीच गोष्ट लक्षात ठेवतात.

पाच सामन्यांपर्यंतचे निलंबन द्यायचे असेल तर दूरध्वनीवरची सुनावणी पुरते. सहा किंवा अधिक द्यायचे असतील तर खेळाडूला समक्ष सुनावणीची संधी द्यावी लागते. म्हणून सुनावणी कशी होणार हे जाहीर होताच शिक्षेचा अंदाज येतो. निलंबनाच्या काळातला पगार कापला जातो आणि ती रक्कम अडचणीतल्या खेळाडूंसाठीच्या साहाय्य निधीत जाते. इथे एक मेख आहे. मागच्या अठरा महिन्यांत निलंबन न झालेल्या खेळाडूचा पगार मोसमातील दिवसांच्या हिशोबाने कापतात, तर पुन्हा गुन्हा करणाऱ्याचा ८२ सामन्यांच्या हिशोबाने. वर्षाला ५० लाख डॉलर मिळवणारा खेळाडू धरला आणि मोसमाचे दिवस साधारण १९० मानले, तर पहिल्या प्रकारात एका सामन्यामागे सुमारे २६,००० डॉलर जातात आणि दुसऱ्यात सुमारे ६१,०००. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, मात्र नियमित पगारच नसतो, त्यामुळे तिथे कापायलाही काही नसते.

दाद आधी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांच्याकडे मागायची. म्हणजे ज्यांच्या कचेरीने शिक्षा दिली, त्यांच्याकडेच. सहा किंवा अधिक सामन्यांची शिक्षा असेल तर पुढे तटस्थ लवादाकडे जाता येते. ही सोय २०१३ च्या करारात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये सरावाच्या एका सामन्यात विल्सनने ऑस्कर सुंडक्विस्टच्या डोक्यावर धडक मारली, तेव्हा त्याला २० सामन्यांचे निलंबन झाले. बेटमन यांनी ते कायम ठेवले आणि लवाद श्याम दास यांनी ते १४ वर आणले. निकाल येईपर्यंत विल्सन १६ सामने बाहेर बसून झाला होता. पगार परत देता येतो. सामने कसे परत देणार?

लवादांचीही एक कहाणी आहे. जानेवारी २०१६ मध्ये कॅलगरीच्या डेनिस वाइडमनने लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, डॉन हेंडरसन यांना मागून पाडले. काही क्षणांपूर्वी त्याला स्वतःला जोराची धडक बसली होती आणि आपण भानावर नव्हतो असा त्याचा बचाव होता. २० सामन्यांची शिक्षा लवाद जेम्स ओल्डहॅम यांनी १० वर आणली. लीग त्याविरुद्ध न्यायालयात गेली, हरली, आणि ओल्डहॅम यांना त्या पदावरून काढण्यात आले. श्याम दास यांनाही २०१२ मध्ये बेसबॉलच्या लीगने अशाच एका नावडत्या निकालानंतर दूर केले होते. तटस्थ असणे ही फारशी टिकाऊ नोकरी दिसत नाही.

खडकीकर

आमच्या खडकीने धनराज पिल्लेसारखा खेळाडू दिला, त्यामुळे मैदानी हॉकीचा अभिमान थोडा उफाळून येतो, तो समजून घ्यावा. तरीही तुलना विषयाला धरूनच करतो आहे.

४ ऑगस्ट २०२४ ची पॅरिस ऑलिंपिकमधील उपांत्यपूर्व लढत आठवा. ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासची काठी विल कॅलननच्या चेहऱ्याला लागली, व्हिडिओ पाहून लाल कार्ड दाखवले गेले आणि भारत उरलेला सामना दहा जणांनिशी खेळला. शूटआउटमध्ये श्रीजेशने आपल्याला वाचवले, पण रोहिदासवर पुढच्या सामन्याची बंदी आली. हॉकी इंडियाची दाद फेटाळली गेली आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपण त्याच्याविना २-३ असे हरलो. आपल्याकडे तेव्हा सगळ्यांचा सूर एकच होता, की त्याचा तसा हेतू नव्हता. माझाही होता. आता शांतपणे विचार केल्यावर वाटते की हेतूचा प्रश्न आपण आपल्या खेळाडूपुरताच विचारतो.

त्या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे की शिक्षा तिथल्या तिथे झाली आणि ती संघालाही भोगावी लागली: त्रेचाळीस मिनिटे एक माणूस कमी. बर्फावरच्या हॉकीत धोकादायक धडक मारणाऱ्याला सामन्यातून काढले तरी त्याचा संघ पाच मिनिटे कमी खेळाडूंनिशी खेळतो आणि मग पुन्हा बरोबरीने. शिवाय बऱ्याच धडका पंचांच्या नजरेतून सुटतात. निळी रेषा यांना ठाऊक असेलच की कार्लोवरच्या ज्या धडकेला पुढे सात सामन्यांची शिक्षा झाली, तिला सामन्यात साधी दोन मिनिटांचीही शिक्षा दिली गेली नव्हती. बोस्टनचा खेळाडू जखमी होऊन रुग्णालयात गेला आणि त्याचा मोबदला मिळाला तो विल्सन ज्यांच्याविरुद्ध पुढचे सात सामने खेळू शकला नाही, त्या संघांना. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काहीच नाही. हा हिशोब मला कधी जुळवता आलेला नाही.

दस्तऐवज

मी व्हँकुव्हरला असतो आणि माझा व्यवसाय कायद्याचा आहे, म्हणून या शहरात घडलेल्या दोन प्रकरणांबद्दल लिहितो. दोन्ही प्रकरणे लीगच्या चौकटीबाहेर न्यायालयात गेली.

पहिले २१ फेब्रुवारी २००० चे. सामना संपायला अवघे तीन सेकंद उरले असताना बोस्टनच्या मार्टी मॅक्सॉर्लीने व्हँकुव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशिअरच्या कानशिलावर मागून काठी मारली. ब्रॅशिअर कोसळला आणि त्याचे डोके बर्फावर आपटले. लीगने मॅक्सॉर्लीला उरलेल्या २३ सामन्यांसाठी निलंबित केले, पुढे ती बंदी वर्षभराची केली, आणि त्यानंतर तो एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. फौजदारी खटल्यात शस्त्राने हल्ला केल्याच्या आरोपात तो दोषी ठरला. प्रत्यक्षात त्याला अठरा महिन्यांच्या अटी घालून सोडण्यात आले.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि हिमवाटसरू यांच्या शेवटच्या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. १६ फेब्रुवारी २००४ रोजी कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नॅसलंड याला धडक दिली. नॅसलंडच्या मेंदूला हादरा बसला. पंचांनी शिक्षा दिली नाही आणि लीगनेही धडक तपासून मूरला निलंबित केले नाही. व्हँकुव्हरच्या गोटात बदल्याची भाषा उघडपणे सुरू झाली. ८ मार्चच्या सामन्यात मूरने सुरुवातीलाच व्हँकुव्हरच्या मॅट कुकशी मारामारी करून, या खेळाच्या रिवाजाप्रमाणे, हिशोब चुकता केला होता. तरीही तिसऱ्या सत्रात व्हँकुव्हरचा टॉड बर्टुझी त्याच्या मागे मागे फिरत राहिला, त्याने मूरला मागून ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर पडून त्याला बर्फावर दाबले. वर आणखी खेळाडू कोसळले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा व्यावसायिक हॉकी खेळला नाही.

बर्टुझीला अनिश्चित काळासाठी निलंबन झाले. प्रत्यक्षात नियमित मोसमाचे १३ आणि प्लेऑफचे ७ असे २० सामने गेले; पुढचा पूर्ण मोसम मालक-खेळाडू वादात रद्दच झाला आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्याला परत घेतले. पाच लाख डॉलरहून थोडा अधिक पगार बुडाला. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. वर्षभराची परिवीक्षा आणि ८० तासांची समाजसेवा, एवढ्यावर ते निभावले. २००६ च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाच्या संघात तो होता. क्लबला अडीच लाख डॉलर दंड झाला होता, म्हणजे क्लबला कधीच काही होत नाही असे नाही. गंमत अशी की २०२१ मध्ये रेंजर्सला निवेदनाबद्दल झालेली रक्कम हीच आहे, आणि मधल्या सतरा वर्षांत डॉलरही स्वस्त झाला.

मूरने बर्टुझी आणि क्लबचे मालक या दोघांवर ओंटारियोत दिवाणी दावा लावला. त्यात बर्टुझीने स्वतःच प्रशिक्षक मार्क क्रॉफर्ड यांना तिसरा पक्ष म्हणून ओढले. आपण जे केले त्याची जबाबदारी प्रशिक्षकावरही येते, असा त्याचा अर्थ होता. पुढे त्याने ती मागणी सोडून दिली आणि २०१४ मध्ये, खटला उभा राहण्याच्या तोंडावर, तडजोड झाली. रक्कम गोपनीय राहिली. खेळाडूला चिथावणी देणारा किंवा त्याला न आवरणारा प्रशिक्षक कायद्याने कितपत जबाबदार, हा प्रश्न न्यायाधीशासमोर जाता जाता राहिला. वकील म्हणून मला त्या तडजोडीची हळहळ वाटते, हे कबूल करतो; मूरला मात्र दहा वर्षांनी काहीतरी पदरात पडले, आणि त्याच्या जागी मीही तेच केले असते.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. नॅसलंडवरची धडक नियमात बसते की नाही यावर मतभेद होते आणि आजही आहेत. लीगने सविस्तर कारणे देऊन तो प्रश्न तिथेच मिटवला असता तर पुढचे घडले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण २००४ मध्येही आणि २०२१ मध्येही, लीगचा निर्णय अपुरा वाटल्यावर खेळाडूंनी हिशोब आपल्या हातात घेतला.

चार्ल्सकाठ

दस्तऐवज यांनी ज्या मॅट कुकचे नाव ओझरते घेतले, त्याच्याभोवतीच हा सगळा विषय फिरतो असे म्हटले तरी चालेल. मी बोस्टनला राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

७ मार्च २०१० रोजी पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या कुकने आमच्या मार्क सॅव्हार्डला बाजूने येऊन खांद्याने डोक्यावर धडक मारली. सॅव्हार्डने नुकताच गोलच्या दिशेने फटका मारला होता, पक त्याच्यापासून दूर गेला होता आणि कुक येतोय हे त्याला दिसतच नव्हते. सॅव्हार्डला स्ट्रेचरवरून नेले. कुकला शून्य सामने. कारण काय, तर खांद्याने मारलेली धडक तेव्हाच्या नियमांत बसत होती. त्याच मोसमात फिलाडेल्फियाच्या माइक रिचर्ड्सने डेव्हिड बूथला तशीच धडक मारली होती आणि तीही शिक्षेविना सुटली होती. ओरड एवढी झाली की मोसम चालू असतानाच, त्याच मार्च महिन्यात, नजरेआडून डोक्यावर मारलेल्या धडकांवर बंदी आली. तीच पुढे नियम ४८ झाली आणि २०११ मध्ये अधिक व्यापक केली गेली. सॅव्हार्ड परतला, जानेवारी २०११ मध्ये एका नियमात बसणाऱ्या धडकेने पुन्हा तोच आघात झाला आणि त्याची कारकीर्द संपली. त्या वर्षी बोस्टनने स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला तेव्हा क्लबने विनंती करून त्याचे नाव कपावर कोरून घेतले.

आता क्लबच्या जबाबदारीकडे येतो. पिट्सबर्गचे तेव्हाचे मालक मारिओ लेम्यू हे स्वतः या खेळाचे दिग्गज. फेब्रुवारी २०११ मध्ये आयलँडर्सबरोबरच्या एका सामन्यात मारामाऱ्यांचा उच्छाद झाला, तेव्हा त्यांनी लीगवर कडक टीका केली, आणि पुढच्या महिन्यात सुचवले की खेळाडूला निलंबन झाले की त्याच्या क्लबलाही शिक्षेच्या प्रमाणात दंड व्हावा. ही कल्पना बाहेर येते न येते तोच, २० मार्चला, त्यांच्याच कुकने रेंजर्सच्या रायन मॅकडॉनाच्या डोक्यात कोपर घातला. त्याला मोसमातले उरलेले दहा सामने आणि प्लेऑफची पूर्ण पहिली फेरी बाहेर बसावे लागले. लोक लेम्यूंना हसले. पण मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: क्लबने कुकला बजावले की असे खेळायचे असेल तर इथे जागा नाही, आणि ज्याच्या नावावर २०१०-११ मध्ये १२९ शिक्षा-मिनिटे होती, त्याच कुकच्या नावावर पुढच्या मोसमात ८२ सामन्यांत अवघी ४४ लागली. सात-आठ वर्षे लीगच्या शिक्षांनी जे झाले नाही, ते मालकाच्या कानउघाडणीने एका उन्हाळ्यात झाले. (२०१४ मध्ये त्याने कोलोरॅडोच्या टायसन बॅरीच्या गुडघ्यावर धडक मारली आणि सात सामने गमावले, हेही सांगायला हवे, तेव्हा तो दुसऱ्या क्लबमध्ये होता.)

लेम्यूंची सूचना मात्र नियमात उतरली नाही. सामूहिक कराराच्या टेबलावर एका बाजूला मालक बसतात आणि दुसऱ्या बाजूला खेळाडू. आपलाच खिसा कापणारे कलम मालक मागणार नाहीत. खेळाडू संघटनेची तर कोंडीच आहे, कारण धडक मारणारा तिचा सभासद आणि धडक खाणाराही तिचाच. दाद मागताना संघटना उभी राहते ती नेहमी पहिल्याच्या बाजूने.

जुना प्रेक्षक

एवढ्या एकमताच्या धाग्यात विरोधी सूर लावतो.

अंगावर जाणे हा या खेळाचा भाग आहे. ते काढले तर उरेल तो वेगळा खेळ. डोके खाली घालून पक नेणाऱ्याला धडक बसणारच, हे इथल्या प्रत्येक पोराला शिकवले जात असे. २००० च्या कॉन्फरन्स फायनलच्या, म्हणजे उपांत्य मालिकेच्या, सातव्या सामन्यात स्कॉट स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला ज्या धडकेने पाडले, ती तेव्हा पूर्ण नियमात होती, आणि आज होणार नाही. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचे हेच बदलले आहे, आणि ते खेळाडूंना वेगाने बर्फावर सरकत असताना, क्षणार्धात पाळायचे आहे.

प्रत्येक भयंकर दृश्यामागे गुन्हेगार असतोच असेही नाही. ८ मार्च २०११ रोजी मॉन्ट्रियलमध्ये झ्देनो चाराने मॅक्स पॅसिओरेटीला फळीकडे ढकलले आणि त्याचे डोके दोन्ही संघांच्या बाकांमधल्या काचेच्या खांबावर आपटले. मानेचा मणका मोडला. लीगने चाराला निलंबित केले नाही. एअर कॅनडाने प्रायोजकत्व काढून घेण्याचा इशारा दिला, पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा दाखल झाला नाही. पण पुढच्या मोसमापासून तिथे वळणदार काच बसवणे सक्तीचे झाले. पॅसिओरेटीसारखी दुखापत टाळायला त्या काचेचा जेवढा उपयोग, तेवढा चाराला दहा सामने बाहेर बसवून झाला नसता.

शिक्षा सौम्य असतात हेही सरसकट खरे नाही. राफी टॉरेसला २०१२ मध्ये मारियन होसावरच्या धडकेसाठी २५ सामने झाले (दाद मागितल्यावर २१), आणि २०१५ मध्ये याकोब सिल्फव्हरबर्गच्या डोक्यावरच्या धडकेसाठी ४१, म्हणजे निम्मा मोसम. तो पुन्हा एनएचएलमध्ये खेळला नाही. आणि संघाला झळ लागत नाही म्हणता, तर टोरंटोवाल्यांना नाझेम काद्रीबद्दल विचारा. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे तो बोस्टनविरुद्धच्या पहिल्याच फेरीत निलंबित झाला, दोन्ही मालिका टोरंटो सातव्या सामन्यात हरले, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी काद्रीला कोलोरॅडोला देऊन टाकले.

निळी रेषा

जुना प्रेक्षक यांचा काचेचा मुद्दा मला मान्य आहे. काद्रीचे उदाहरण मात्र त्यांच्या विरोधात जाते असे वाटते. कोलोरॅडोकडून खेळताना २०२१ च्या प्लेऑफमध्ये त्याने जस्टिन फॉकच्या डोक्यावर धडक मारली आणि आठ सामन्यांची शिक्षा घेतली, जी बेटमन आणि लवाद या दोघांनीही कायम ठेवली. म्हणजे क्लब बदलला, सवय गेली नाही. पुढच्या वर्षी तो स्टॅनले कप जिंकून मोकळाही झाला.

डोक्यापुरते बोलायचे तर एनएचएलच्या नियमातली पळवाट शब्दांत आहे. डोके हा आघाताचा मुख्य बिंदू असावा लागतो आणि तो आघात टाळण्याजोगा असावा लागतो. या दोन अटींवर निम्मी प्रकरणे गळतात. आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम डोक्यावरच्या आघाताबाबत बरेच अधिक कडक आहेत. तिथेही खेळाडू वेगानेच खेळतात आणि तिथेही अंगावर जाणे चालतेच.

हिमवाटसरू

सर्वांचे आभार. मी विचारले होते की ते काय मोजतात. वाचून माझी समजूत अशी झाली की ते सगळेच थोडे थोडे मोजतात, पण दुखापत सर्वांत आधी नजरेत भरते, आणि दुखापत मोजणे म्हणजे समोरचा माणूस कसा पडला हे मोजणे. कुकने सॅव्हार्डला मारले तेव्हा दुखापत भयंकर आणि शिक्षा शून्य; मॅकडॉनाला मारले तेव्हा तो पुढेही खेळत राहिला आणि शिक्षा त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी. म्हणजे नियम लिहिलेला असला तर कृती मोजता येते, हेही त्यातूनच दिसते.

माझ्या घरचा प्रश्न जवळचा आहे. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगावर धडक मारण्यास बंदी घातली, त्यामुळे मुलगा आजवर त्यापासून दूर राहिला. आता तो त्या गटातून बाहेर पडेल आणि स्पर्धात्मक संघात राहिला तर धडका सुरू होतील. मागच्या आठवड्यात त्याच्या वयाच्या गटासाठी धडक कशी द्यावी आणि कशी घ्यावी याचे शिबिर झाले. फळीपासून दोन हात अंतर ठेवायचे नाही, एकतर तिला चिकटून राहायचे किंवा चांगले लांब, कारण मधल्या अंतरातच मान मोडते, हे त्यांनी पोरांना दहादा सांगितले. समोरच्याच्या पाठीवरचा क्रमांक दिसला तर हात आवरायचा, हेही सांगितले. मी शेवटी उठून विचारले की यातले काही मोडले तर मुलाला काय होते हे कळले, प्रशिक्षकाला काय होते? सभागृहात जरा चुळबुळ झाली आणि ते लिहून कळवतो म्हणाले. अजून आलेले नाही. आले की इथेच टाकतो.